आराखडा आपला, कुलूप मात्र दुसऱ्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरविषयी बोलणे निघाले की ते बहुधा किमतीवर येऊन थांबते. किंमत जाचते हे खरेच; पण बरीच वर्षे हे काम केल्यावर मला त्याहून अधिक अस्वस्थ करतो तो स्वतः काढलेला आराखडा पुन्हा उघडता येण्याचा प्रश्न.

यंत्रातला कंट्रोल बोर्ड पंधरा-वीस वर्षे सहज चालतो, सॉफ्टवेअरचा परवाना किंवा त्याचा देखभाल करार मात्र बहुधा वर्षाचा असतो. एका जुन्या बोर्डावरील आयसीचे (चिपचे) उत्पादन थांबल्यामुळे त्याजागी दुसरी बसवून चार ट्रॅक (तांब्याच्या जोडरेषा) हलवण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले. स्कीमॅटिक (जोडणीचा आराखडा) आणि लेआउट (बोर्डावरील प्रत्यक्ष मांडणी) दोन्ही माझेच होते, फाइलीही जपून ठेवलेल्या होत्या. परंतु परवाना ज्या संगणकाशी बांधलेला होता तो बंद पडला होता आणि देखभाल करार संपलेला असल्यामुळे परवाना नव्या संगणकावर हलवून देण्यास विक्रेत्याने नकार दिला. मधल्या सर्व वर्षांचे शुल्क भरा किंवा नवा परवाना घ्या, एवढेच उत्तर मिळाले. शेवटी छापील स्कीमॅटिक समोर ठेवून मी तो बोर्ड पहिल्यापासून पुन्हा काढला.

अशा वेळी ‘गर्बर फाइली आहेत ना?’ असे विचारले जाते. बोर्ड बनवण्यासाठी कारखान्याला दिल्या जाणाऱ्या या फाइलींमुळे तोच बोर्ड पुन्हा बनवून घेता येतो, पण त्यात मुख्यतः प्रत्येक थराचे चित्र असते. कोणता पॅड (भाग जोडण्याची तांब्याची जागा) कोणत्या नेटचा (एकमेकांना जोडलेल्या बिंदूंच्या गटाचा), ही माहिती २०१४ साली आलेल्या एक्स-२ या विस्तारात २०१६ पासून नोंदवता येऊ लागली. तरीही स्कीमॅटिक त्यातून परत मिळत नाही. दुरुस्तीसाठी मूळ फाइलच लागते.

‘ईगल’चे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १९८८ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ऑटोडेस्क या कंपनीकडे गेले, पुढच्याच वर्षी ते केवळ वर्गणीवर मिळू लागले आणि नंतर ७ जून २०२६ ही त्याच्या समाप्तीची तारीख जाहीर झाली. त्यातल्या त्यात दिलासा असा की सहाव्या आवृत्तीपासून त्याच्या फाइली एक्सएमएल या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे ‘कीकॅड’सारख्या (KiCad) मुक्त सॉफ्टवेअरलाही त्या वाचता येतात. त्याआधीच्या बायनरी (मजकूर म्हणून वाचता न येणाऱ्या) फाइली ज्यांच्याकडे असतील, त्यांनी त्या नंतरच्या आवृत्तीत उघडून पुन्हा जतन करण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

मुक्त सॉफ्टवेअर घेतले की सगळे प्रश्न मिटतात, असे मात्र मी म्हणणार नाही. कीकॅडच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे गटातील एकानेच घाईने अपग्रेड केले तर इतरांचे काम अडते. तरीही फरक मोठा आहे: जुनी आवृत्ती कोणाच्याही परवानगीवाचून पुन्हा बसवता येते आणि साध्या मजकुराच्या स्वरूपातील फाइल निदान वाचता तरी येते.

अपग्रेड कोणत्याही सॉफ्टवेअरचे असो, चालू काम संपेपर्यंत जुनी आवृत्ती काढून टाकू नये. नव्या आवृत्तीत कॉपर पोर (मोकळ्या जागेतला तांब्याचा भराव) पुन्हा भरला जाताना पॅडभोवतीचे अंतर किंवा थर्मल रिलीफ (पॅडला भरावाशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या) बदलू शकते, आणि पडद्यावर ते चटकन लक्षात येत नाही. त्यासाठी एकाच बोर्डाच्या गर्बर फाइली दोन्ही आवृत्त्यांतून काढून, एकमेकींवर ठेवून, थराथराने ताडून पाहाव्यात. या कामाला लागणारा तास-दीड तास, चुकीचा बोर्ड बनून आल्यावर वाया जाणाऱ्या आठवड्यांपुढे काहीच नाही.

कंपन्यांनी वर्गणी आकारण्याला माझा विरोध नाही. उत्तम ऑटोराउटर (ट्रॅक आपोआप आखणारी सोय), सिग्नल तपासणी, सुट्या भागांची अद्ययावत लायब्ररी यांमागे मोठे श्रम असतात. परंतु मुदत संपल्यावरही वापरकर्त्याला आपली फाइल उघडून पाहता यावी, छापता यावी आणि सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता यावी, ही अट परवान्यातच असली पाहिजे. खरेदी करणाऱ्या संस्थांनी, विशेषतः एकाच वेळी अनेक परवाने घेणाऱ्या महाविद्यालयांनी आणि उद्योगांनी, करारावर सही करण्यापूर्वी या अटीचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे.

आपला,
एक सर्किट बोर्ड डिझायनर