वर्षभराचा कोर्स म्हणजे मरीन इंजिनीअरचे तिकीट नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनीअरिंगचे निकाल लागले की आपल्या शिक्षण पुरवणीत मर्चंट नेव्हीच्या जाहिराती सुरू होतात. ‘एका वर्षात मरीन इंजिनीअर व्हा’, ‘डॉलरमध्ये पगार’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. अशाच एका जाहिरातीच्या शेजारी आपण सागरी क्षेत्रातल्या संधींवर लेख छापला होता. लेखातली माहिती बरोबर होती, पण सरकारी परीक्षा आणि प्रमाणपत्रांचा विषय त्यात एका ओळीत उरकला होता. माझी सगळी नोकरी इंजिन रूममध्ये गेली. चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातले पालक मुलांना घेऊन सल्ल्याला येतात, आणि बहुतेक जण येतात ते फी भरून झाल्यावर. म्हणून त्या एका ओळीबद्दल हे पत्र.

कोर्स संपल्यावर संस्था जे प्रमाणपत्र देते, त्याच्या जोरावर बोटीवरची इंजिन वॉच, म्हणजे इंजिन रूममधली पहाऱ्याची पाळी, कुणालाही स्वतंत्रपणे सांभाळता येत नाही. त्यासाठी सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी लागते. आम्ही त्याला सीओसी किंवा नुसते ‘तिकीट’ म्हणतो. ते नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या अधिकारात मिळते आणि त्याची परीक्षा मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट घेते. पहिले तिकीट एमईओ (मरीन इंजिनीअर ऑफिसर) क्लास फोर. मेकॅनिकलच्या पदवीधराने जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनीअरिंग) हा एक वर्षाचा कोर्स केला, तरी क्लास फोरसाठी त्याला किमान ६ महिने ट्रेनी म्हणून चालत्या बोटीच्या इंजिन रूममध्ये काढावे लागतात. कोणते काम केले, कोणते मशीन उघडले, याच्या नोंदी आणि वरिष्ठांच्या सह्या टार बुकात, म्हणजे ट्रेनिंगच्या नोंदवहीत, लागतात. प्रेप कोर्स (परीक्षेची पूर्वतयारी), लेखी परीक्षा आणि ओरल (तोंडी परीक्षा) हे सगळे झाल्यावरच तो फोर्थ इंजिनीअर म्हणून साइन ऑन करू, म्हणजे बोटीवर रुजू होऊ शकतो. सेकंड इंजिनीअर व्हायचे तर क्लास टू, चीफ व्हायचे तर क्लास वन. दर वेळी मध्ये बोटीवरची सेवा आणि पुन्हा लेखी, पुन्हा ओरल. हे आपल्या सरकारच्या मनाला आले म्हणून नाही. १९७८ चा एसटीसीडब्ल्यू हा नाविकांच्या प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्रांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१० मध्ये मनिला येथे त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, आणि जगभरच्या बोटींवर त्याच चौकटीतली तिकिटे चालतात.

आता जाहिरातीत जे नसते ते. सगळे अडते त्या ६ महिन्यांवर.

ट्रेनीला बोटीवर केबिन लागते, लाइफबोटीत जागा लागते. बोटीवर जास्तीत जास्त किती माणसे नेता येतील, हे तिच्या सुरक्षा प्रमाणपत्रावरच लिहिलेले असते. त्यामुळे एका बोटीवर एक, फार तर दोन ट्रेनी इंजिनीअर घेतले जातात. चांगल्या कंपन्या आपले ट्रेनी प्रवेशाच्या आधीच निवडतात, त्यांना स्पॉन्सरशिप देतात आणि आपल्या नेहमीच्या संस्थेत पाठवतात. त्या मुलांची बोट जवळपास ठरलेली असते. बाकीच्यांनी कोर्स करायचा, पास व्हायचे आणि मग दारोदार फिरायचे. बोट नाही तर सी-टाइम (बोटीवरच्या सेवेचा काळ) नाही, सी-टाइम नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि तिकीट नसलेल्या मुलाला कंपनी नोकरीवर घेत नाही.

आमच्या वाडीतला एक मुलगा, मेकॅनिकलला चांगले मार्क, हाताला काम येणारा. वडिलांनी आंब्याची बाग तारण ठेवून कर्ज काढले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. प्रवेशाच्या वेळी ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ हा शब्द होता, पास झाल्यावर त्याचा अर्थ ईमेल पत्त्यांची एक यादी एवढाच निघाला. मुलगा मुंबईला नातेवाइकांकडे राहिला, बेलापूरपासून अंधेरीपर्यंत कंपन्यांच्या रिसेप्शनवर बायोडेटा देत हिंडला. एका एजंटाने जॉइनिंगसाठी काही लाख मागितले. वडील बागेच्या दुसऱ्या तुकड्यावर पैसे उचलायला निघाले होते, तेव्हा ते माझ्याकडे आले. मुलाने तो नाद सोडला. आज तो लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, कर्जाचे हप्ते भरतो आहे. पुस्तकातले डिझेल इंजिन त्याला आजही तोंडपाठ आहे, पण क्लास फोरचा फॉर्म भरण्याची वेळच त्याच्यावर आली नाही.

इथे एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. बोटीवर नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणे बेकायदेशीर आहे. भारताने २०१५ मध्ये मंजूर केलेला मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा नाविकांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार हेच सांगतो आणि आपले भरतीचे नियमही हेच सांगतात. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (नाविकाचे ओळखपुस्तक) यांचा खर्च आपला. नोकरीचा दर नसतो. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल (नाविक भरतीचा) परवाना असावा लागतो आणि त्याची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तसेच ‘सी-टाइमशिवाय परदेशी सीओसी काढून देतो’ असे सांगणारे भेटले, तर तिथून उठावे. सी-टाइम नसताना मिळालेला तो कागद खोटाच असतो, आणि पकडला गेल्यावर शिक्षा एजंटाच्या आधी मुलाला होते.

हे सगळे ऐकल्यावर काही पालक विचारतात, मग ही ६ महिन्यांची अट काढून का टाकत नाहीत, किंवा परीक्षा सोपी का करत नाहीत? त्यांची तळमळ मला समजते, पण उत्तर ठाम नाही असेच आहे.

ओरलला सर्व्हेयर, म्हणजे परीक्षा घेणारा सरकारी अधिकारी, काय विचारतो ते पाहा. “मेन इंजिनाचा ऑइल मिस्ट अलार्म वाजला. तू वॉचवर एकटा आहेस. काय करशील?” पुस्तकावर गेलेला मुलगा हमखास सांगतो, “क्रँककेसचे दार उघडून कुठले बेअरिंग तापले ते बघीन, सर.” परीक्षा तिथेच संपते, आणि संपलीच पाहिजे. क्रँककेस म्हणजे इंजिनाचा खालचा बंद भाग. त्यात तापलेल्या बेअरिंगभोवती तेलाचे बारीक धुके साचलेले असते. दार उघडले की बाहेरची हवा आत शिरते, धुक्याचा स्फोट होऊ शकतो आणि दारासमोरचा माणूस जळून मरू शकतो. ब्रिजला (बोट चालवणाऱ्या कक्षाला) कळवायचे, इंजिनाचा वेग उतरवून ते थांबवायचे, क्रँककेसच्या रिलीफ व्हॉल्व्हसमोरून माणसे हटवायची आणि निदान २० मिनिटे त्या दाराला हात लावायचा नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘रेइना डेल पॅसिफिको’ ही प्रवासी बोट दुरुस्तीनंतर उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ चाचणी घेत असताना तिच्या इंजिनांच्या क्रँककेसमध्ये स्फोट झाले आणि २८ माणसे गेली. आज विचारल्या जाणाऱ्या या प्रश्नामागे ती माणसे आहेत.

दुसरा नेहमीचा प्रश्न ब्लॅकआउटचा, म्हणजे बोटीची सगळी वीज जाण्याचा. इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत आपोआप वीज द्यायला हवी, हे कुणीही पाठ करतो. पण त्या काळोखात, सगळे पंप बंद पडलेले असताना आणि कानात एकाच वेळी सतरा अलार्म वाजत असताना आधी कुठल्या पॅनेलकडे धावायचे, हे चालत्या इंजिन रूममध्येच अंगात मुरते. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ बोटीची वीज पुलाच्या तोंडाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. बोट खांबावर आदळून पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा कामगार मेले. बोटीवरचे बहुतेक खलाशी आणि अधिकारी आपल्या देशाचे होते. त्यांच्याकडे बोट दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. अशा वेळी हाताशी किती थोडे सेकंद असतात, ते कळावे म्हणून लिहितो. क्लास वन झालेल्या चीफलासुद्धा दर ५ वर्षांनी तिकीट नूतनीकरणाला द्यावे लागते, आणि त्यासाठी साधारणपणे मधल्या काळात १२ महिन्यांची समुद्रावरची सेवा दाखवावी लागते. माझ्यासारख्या माणसाला जे चुकले नाही, ते नवख्याला माफ कसे करणार?

तेव्हा अट आहे तशीच राहावी. बदलायला हवे ते प्रवेशाच्या वेळचे झाकलेले चित्र. मान्यताप्राप्त सागरी संस्थांची तपासणी होऊन त्यांना ए-वन, ए-टू अशा श्रेणी मिळतात. पालकांनी त्या जरूर पाहाव्यात, पण मागच्या बॅचच्या पोरांचे पुढे काय झाले हे श्रेणीवरून कळत नाही. माझी डीजी शिपिंगकडे मागणी अशी की, प्रत्येक संस्थेने प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर सांगावे: गेल्या तीन बॅचमधली किती मुले पास झाली, त्यातली किती वर्षभरात बोटीवर चढली आणि किती जणांनी क्लास फोर काढले. मुलांच्या सी-टाइमच्या आणि परीक्षेच्या नोंदी सरकारकडे इंडोस नंबरवर (प्रत्येक नाविकाचा सरकारी नोंदणी क्रमांक) असतातच. त्या संस्थेच्या आकड्यांशी ताडून पाहणे अवघड जाऊ नये.

आणि आपल्याकडे एक विनंती. मर्चंट नेव्हीची जाहिरात घेताना संस्थेची डीजी शिपिंगची मान्यता आणि मान्य कोर्सचे नेमके नाव छापण्याची अट घाला. ‘एका वर्षात इंजिनीअर’ हे वाक्य छापू नका. जाहिरातींच्या मोसमात शेजारी एक छोटी चौकट द्या, त्यात पालकांनी फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न असू द्या: ट्रेनी म्हणून बोट कोणती कंपनी देणार, ते लेखी देणार का, नाही मिळाली तर फीचे काय. चौकटीचा मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. छापण्यापूर्वी तो आपण मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडून तपासून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनीअर
जि. रत्नागिरी