किनाऱ्यालगतच्या प्लवकांची मोजणी वर्षभर व्हावी

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रात्री निळसर चमकणाऱ्या लाटांची किंवा अचानक तांबूस झालेल्या किनाऱ्याच्या पाण्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांच्याखाली बहुधा दोहोंपैकी एक खुलासा असतो: हा निसर्गाचा चमत्कार आहे, किंवा हा प्रदूषणाचा परिणाम आहे. दोन्हींत थोडेफार तथ्य असू शकते. परंतु त्या पाण्यात नेमका कोणता जीव होता, दर लिटरमागे किती होता आणि आठवड्यापूर्वी त्याच जागी कोण होते, हे बातमीतून कळत नाही. यात वार्ताहराचा दोष नाही, कारण जगातील बहुतेक किनाऱ्यांवर ही मोजणी कोणी नियमितपणे करतच नाही. किनाऱ्यालगतच्या समुद्रातील प्लवकांची, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची, नोंद ही तापमान आणि पावसाच्या नोंदींसारखी बारमाही असली पाहिजे, असे माझे मत आहे. त्यामागची कारणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून दरवर्षी जेवढा कार्बन सेंद्रिय रूपात बांधला जातो, त्यातील जवळजवळ निम्मा भाग समुद्रातील वनस्पती-प्लवकांचा असतो. तरीही प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सर्व सजीवांच्या एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या थोड्या जीवांकडून एवढे काम होते, याचा अर्थ हा साठा फार वेगाने भरतो आणि तितक्याच वेगाने रिकामा होतो. अनुकूल परिस्थितीत पेशी दिवसाकाठी एकदा दुभंगते. त्याच दिवसात जवळपास तेवढ्याच पेशी खाल्ल्या जातात, तळाकडे बुडतात किंवा विषाणूंच्या संसर्गाने फुटून जातात. जन्म आणि नाश यांचा तोल थोडा जरी ढळला, तरी आठवड्याभरात पाण्याचा रंग बदलू शकतो. म्हणूनच रंग बदलल्यावर घेतलेला एकुलता एक नमुना फारसे काही सांगत नाही. तोल केव्हा आणि कशामुळे ढळला, हे आधीच्या नमुन्यांतच सापडते.

वरवर स्वच्छ दिसणारे पाणी २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या जाळीतून गाळून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर समोर जे दिसते ते पाहण्याची संधी प्रत्येक विद्यार्थ्याला मिळायला हवी असे मला मनापासून वाटते. स्केलेटोनेमा या सूक्ष्म शैवालाच्या पेशी बारीक सिलिकादंडांनी एकमेकींना जोडून साखळ्या करून असतात. कीटोसेरॉसच्या पेशींना स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट लांब केसर असतात. कॉसिनोडिस्कसच्या गोल तबकड्यांवर षट्कोनी नक्षी इतकी रेखीव असते की ती मोजत बसावीशी वाटते. मध्येच कोपेपॉडाचे, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्याचे, पिल्लू उपांगांच्या तीन जोड्या मारीत झटक्यासरशी दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जाते. प्रौढ कोपेपॉड अन्न सरसकट गाळून खात नाही. तो उपांगांच्या हालचालीने पाण्याचा प्रवाह स्वतःकडे ओढतो, येणारी पेशी वासावरून आणि स्पर्शावरून हेरतो आणि नको असलेली सोडून देतो. कोणती पेशी उपलब्ध आहे यावर त्याची वाढ आणि त्याची अंडी अवलंबून असतात, आणि बहुतेक माशांची नवजात पिल्ले आपल्या पहिल्या काही आठवड्यांत कोपेपॉडांच्या अंडी-पिल्लांवरच जगतात.

वर उल्लेखिलेली पहिली तीन नावे डायाटम या एकपेशीय शैवालांच्या गटातील आहेत, आणि माझ्या मते किनाऱ्याच्या पाण्यातील अनेक बदलांचे मूळ याच गटाच्या एका गरजेत आहे. डायाटमचे कवच सिलिकेचे असते. नायट्रोजनच्या दर १६ अणूंमागे फॉस्फरसचा १ आणि सिलिकॉनचे सुमारे १५ अणू, असे त्यांच्या वाढीचे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. नायट्रोजन आणि फॉस्फरस सांडपाण्यातून व खतांतून नद्यांमार्गे समुद्रात वाढत्या प्रमाणात उतरतात. सिलिका मात्र मुख्यतः खडकांच्या झिजेतून येते आणि सांडपाणी वाढले म्हणून ती वाढत नाही. उलट धरणांच्या संथ पाण्यात गोड्या पाण्यातील डायाटम ती वापरून तळाला बसतात आणि समुद्रापर्यंत पोहोचणारी सिलिका घटू शकते. परिणाम असा होतो की किनाऱ्यावर डायाटमांचा पहिला बहर सिलिका संपताच थांबतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात शिल्लक राहतात. ज्यांना सिलिकेची गरज नाही अशा कशाभिकाधारी, म्हणजे चाबकासारख्या शेपटीने पोहणाऱ्या, एकपेशीय जीवांना मग मोकळे रान मिळते. काळ्या समुद्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा बदल दिसून आला. त्यात डॅन्यूब नदीवरील धरणांचा वाटा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण पोषकद्रव्यांचे परस्पर प्रमाण बिघडले की प्लवकांची जातवारी बदलते, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. असे असूनही पाण्याच्या तपासण्यांत नायट्रेट आणि फॉस्फेट मोजले जातात आणि सिलिकेट, म्हणजे विरघळलेली सिलिका, पुष्कळदा वगळले जाते. ही मला गंभीर उणीव वाटते.

हा बदल मासेमारीपर्यंत पोहोचतो तो अन्नसाखळीच्या लांबीमुळे. मोठ्या डायाटमांवर कोपेपॉड आणि कोपेपॉडांवर लहान मासे, अशी आखूड साखळी असेल तर मूळ उत्पादनाचा बराच भाग माशांपर्यंत पोहोचतो. वनस्पती-प्लवकच दोन-चार मायक्रॉनचे झाले, तर त्यांना आधी एकपेशीय प्राणी खातात, त्या प्राण्यांना त्यांहून मोठे एकपेशीय प्राणी खातात आणि मग कुठे कोपेपॉडांची पाळी येते. प्रत्येक पायरीवर साधारण दहावा हिस्साच पुढे सरकत असल्याने हरितद्रव्याचे प्रमाण तेवढेच राहूनही मासळी घटू शकते. ‘पाण्यात प्लवक भरपूर आहेत’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे.

आता चमकणाऱ्या लाटांविषयी. त्यांच्यामागे बहुतेक वेळा डायनोफ्लॅजेलेट या कशाभिकाधारी गटातील जीव असतात आणि त्यांपैकी नॉक्टिल्युका सर्वांत परिचित आहे. तिची पेशी पुष्कळदा अर्ध्या मिलिमीटरहून मोठी असते आणि पाण्याचा हेलकावा बसताच ल्युसिफेरीन या प्रकाश देणाऱ्या द्रव्याच्या रासायनिक क्रियेतून ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी काळ चमकते. पण चमक सारखीच दिसली तरी तिचा अर्थ सारखा नसतो. तांबड्या प्रकारच्या नॉक्टिल्युकेत हरितद्रव्य नसते. ती डायाटम, कोपेपॉडांची अंडी आणि माशांचीही अंडी गिळते. हिरव्या प्रकारच्या पेशीत हजारो सूक्ष्म हरित शैवालपेशी वस्तीला असतात व त्यांच्या प्रकाशसंश्लेषणावर तिचे बरेचसे भागते. अरबी समुद्राच्या उत्तर भागात जिथे पूर्वी हिवाळ्यात डायाटमांचा बहर येत असे, तिथे या शतकाच्या सुरुवातीपासून हिरव्या नॉक्टिल्युकेचे मोठे बहर येऊ लागले आहेत. एवढी मोठी पेशी बहुतेक कोपेपॉडांना पेलवत नाही. तिचा फायदा साल्प (पाणी गाळून खाणारे पारदर्शक, पिंपाच्या आकाराचे सागरी प्राणी) आणि जेलीफिश यांना होतो. या बदलाची कारणमीमांसा करताना कोणी कमी प्राणवायूच्या पाण्याकडे बोट दाखवतात, तर कोणी हिवाळी वाऱ्यांतील आणि पोषकद्रव्यांच्या पुरवठ्यातील बदलाकडे. हा प्रश्न सुटायचा तर बहराच्या आधीच्या आठवड्यांतील नोंदी लागतात, नुसती बहराची छायाचित्रे पुरत नाहीत.

डायाटम तेवढे चांगले आणि बाकीचे वाईट, असा सरळ हिशेब मात्र कोणी मांडू नये. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले आणि काहींची स्मृती कायमची अधू झाली. त्या विषाचे, डोमोइक आम्लाचे, मूळ स्युडो-निट्झशिया या डायाटममध्येच निघाले. असे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि त्या वेळी पाण्याचा रंग बदललेला असेलच असेही नाही. डोळ्यांना काही न दिसताही धोका असू शकतो, हे एकच कारण नियमित मोजणीसाठी पुरेसे ठरावे.

अशी मोजणी शक्य आहे हे सिद्ध करण्याची आता गरज उरलेली नाही. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर १९६२ पासून कामाच्या प्रत्येक दिवशी पाण्याचा नमुना घेतला जातो. ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी तयार केलेले प्लवक-नोंदक यंत्र १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे ओढले जात आहे. त्यात रेशमी पट्टीवर प्लवक अडकत जातात आणि ती पट्टी नंतर प्रयोगशाळेत तपासली जाते. याच नोंदींतून कळले की उत्तर समुद्रात थंड पाण्यातील कॅलॅनस फिनमार्किकस हा कोपेपॉड मागे हटला आणि उबदार पाण्यातील कॅलॅनस हेल्गोलँडिकस पुढे आला. दोघे इतके सारखे दिसतात की पायांच्या पाचव्या जोडीवरील दातेरी कडेची वक्रता पाहूनच त्यांना वेगळे करता येते. पहिल्याचा हंगाम वसंतात, तर दुसऱ्याचा वर्षाच्या उत्तरार्धाकडे झुकलेला. त्यामुळे वसंतात जन्मणाऱ्या कॉड माशाच्या पिल्लांची उपासमार वाढली. कॉडच्या ऱ्हासात बेसुमार मासेमारीचा हात मोठा होता हे खरेच, पण पायांच्या कडा पाहणारे कोणी नसते, तर दुसरे कारण कधीच उजेडात आले नसते.

उपग्रहांमुळे आता हे काम उरले नाही, असा समज काही ठिकाणी आढळतो. १९७८ पासून समुद्राचा रंग अवकाशातून मोजला जातो आणि त्या मोजमापाचे मोल मोठे आहे. मात्र किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये यांमुळे हरितद्रव्याचा अंदाज चुकतो, ढगाळ दिवसांत काहीच दिसत नाही, आणि दिसते तेही पृष्ठभागालगतच्या थराचेच. पाचव्या पायावरची कड तर अवकाशातून दिसण्याचा प्रश्नच नाही.

बंदरे, मत्स्यविभागांच्या प्रयोगशाळा, किनाऱ्यालगतची महाविद्यालये आणि समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नगरसंस्था यांनी आपापल्या एका ठरलेल्या जागी, भरतीची वेळ सांभाळून, आठवड्यातून एकदा नमुना घ्यावा. त्याच वेळी तापमान, क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट मोजावे. आणि जातवार संख्या सर्वांना पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. यासाठी एक चांगला सूक्ष्मदर्शक, १ मिलिलिटरचा मोजणीकक्ष आणि जाती ओळखणारी तयार नजर लागते. पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात. तिसरी घडायला काही वर्षे जातात, आणि जाती ओळखण्याचे शिक्षण विद्यापीठांतून कमी होत चालले आहे ही मला सर्वांत मोठी चिंता वाटते. आपल्या वृत्तपत्रानेही पुढच्या वेळी पाण्याच्या बदललेल्या रंगाची बातमी देताना जातीचे नाव, दर लिटरमागची संख्या आणि नमुन्याची तारीख संबंधितांकडे मागावी. मोजणारा माणूस आज उपलब्ध नसेल, तरी पाणी घेणे थांबवू नये. ल्यूगॉलचे आयोडीन (नमुना टिकवणारे द्रावण) घालून अंधारात ठेवलेला नमुना, त्यात वेळोवेळी आयोडीनची भर घातल्यास, कित्येक महिने मोजण्याजोगा राहतो.

आपला विश्वासू,
एक वाचक