लेबलवर 'संशोधनासाठी', सुई मात्र पोटात

महोदय,

गेल्या मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेल्याच्या बातम्या आपल्या अंकात येत होत्या. त्याच आठवड्यात माझ्या पुतण्याच्या नावाचे एक कुरिअर आमच्या मानेवाड्याच्या घरी ओट्यावर दुपारभर पडून होते. संध्याकाळी उचलले तेव्हा पाकीट तव्यासारखे तापले होते. आत कापसात गुंडाळलेली करंगळीएवढी काचेची बाटली होती, निळ्या झाकणाची, बुडाशी पांढऱ्या भुकटीची चकती बसलेली. लेबलवर 'एओडी-9604, 5 मिलिग्रॅम' असे होते आणि त्याखाली भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत इंग्रजीतून: केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये.

पुतण्या पंचविशीतला, नोकरी कॉम्प्युटरवरची. त्याची प्रयोगशाळा म्हणजे आमचा फ्रिज. दारातल्या कप्प्यात कढीपत्त्याच्या पुडीशेजारी अशीच एक अर्धी संपलेली बाटली आहे, हे मला त्या दिवशी कळले. विचारले तर म्हणाला, "काका, जिमच्या सरनं सांगतलं. पोटाची चरबी जाते म्हणे. सगळेच घेऊन राहिले."

मी 30 वर्षांहून अधिक काळ औषधनिर्माता म्हणून नोकरी केली, म्हणून 'चिठ्ठी कुठे आहे' असे विचारले. डॉक्टरची नव्हतीच. जिमच्या पावतीच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले होते, '10 युनिट, सकाळी उपाशीपोटी'. बस्स. भुकटीत पाणी किती घालायचे याचा पत्ता नाही. बाटलीत 2 मिलि पाणी घातले तर इन्सुलिनच्या, 1 मिलिला 100 युनिटांच्या खुणा असलेल्या सिरिंजवरच्या 10 युनिटांत 250 मायक्रोग्रॅम येतात, 1 मिलि घातले तर 500. पोराने 1 मिलि घातले होते. म्हणजे पंधरा दिवस तो दुप्पट मात्रा टोचत होता, की 'सरां'ना तेवढीच हवी होती? कोण सांगणार? बेंबीच्या बाजूला रुपयाएवढी लाल, कडक गाठ आली, तेव्हा त्याने फक्त जागा बदलली.

हे एओडी-9604 आहे तरी काय? ते पेप्टाइड आहे, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची आखूड माळ. शरीरातले ग्रोथ हॉर्मोन ही 191 अमिनो आम्लांची माळ. तिच्या शेपटाकडचा सोळा मण्यांचा तुकडा घेऊन, त्यातला एक मणी बदलून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हा रेणू तयार केला. लठ्ठ उंदरांमध्ये चरबी घटली, त्यामुळे आशा वाटली आणि तशी वाटणे गैरही नव्हते. पुढे 500हून जास्त स्थूल माणसांवर 24 आठवड्यांची चाचणी झाली. वजनात सांगण्यासारखा फरक पडला नाही आणि 2007 मध्ये कंपनीने लठ्ठपणावरचे हे काम थांबवले. तीही चाचणी तोंडाने घ्यायच्या गोळीची होती. म्हणजे जे औषध माणसांच्या परीक्षेत नापास झाले, तेच आता सुईतून चढ्या भावाने विकले जात आहे. खेळाडूंना तर ते निषिद्धच आहे.

पेप्टाइड म्हटले की सरसकट नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. इन्सुलिन पेप्टाइडच आहे, 51 अमिनो आम्लांचे, आणि त्यावर जगणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. वजनासाठीचे सेमाग्लुटाइडही पेप्टाइडच. त्याच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरले. टेसामोरेलिन हे 44 अमिनो आम्लांचे औषध अमेरिकेत 2010 मध्ये मंजूर झाले, पण ते एचआयव्हीच्या रुग्णांच्या पोटात साठणाऱ्या चरबीसाठी. लग्नाआधी पोट सपाट करायला नव्हे. या औषधांना डॉक्टर आहे, बॅच नंबर आहे, काही बिघडले तर जाब विचारायला कोणीतरी आहे.

त्या बाटलीसोबत '99 टक्के शुद्ध' असा छापील कागदही आला होता. पोराचा सगळा भरवसा त्या कागदावर. पण त्या आकड्यातून फार तर एवढेच कळते की भुकटीतल्या पेप्टाइडमध्ये हवे ते किती आणि भेसळीचे तुकडे किती. ती निर्जंतुक आहे का, तिच्यात जिवाणूंचे विष उतरले आहे का, याच्या चाचण्या वेगळ्या असतात आणि इंजेक्शनसाठी त्याच महत्त्वाच्या. शिवाय नागपूरच्या मे महिन्यातून ही बाटली किती दिवस, कोणत्या गोदामातून फिरून आली, कोण जाणे. इन्सुलिन आम्ही 2 ते 8 अंशांत ठेवायचो, बर्फाचा डबा आला नाही तर माल परत पाठवायचो.

माझे म्हणणे त्या बारीक अक्षरांतल्या ओळीपुरते आहे. विकणारा म्हणतो, आम्ही रसायन विकले. जिमवाला म्हणतो, मी फक्त सांगितले. सिरिंज देणाऱ्या मेडिकलवाल्याने काही विचारलेच नाही. एका ओळीत सगळे सुटले आणि उरला तो टोचून घेणारा. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात पदार्थ कशासाठी वापरायचा आहे यालाही महत्त्व आहे. मग ज्या बाटलीसोबत मात्रा, वेळ आणि टोचायची जागा सांगितली जाते, ती औषध म्हणूनच तपासली जावी. अन्न व औषध प्रशासनाने धरमपेठ ते नंदनवनपर्यंतच्या जिममधले फ्रिज एकदा उघडून पाहावेत, दूध आणि अंड्यांच्या मागे काय ठेवले आहे ते. आणि आपणही 'महिन्यात दहा किलो'च्या जाहिराती घेताना जरा चौकशी करावी, ही विनंती.

पुतण्याची गाठ महिनाभराने बसली. जिम त्याने बदलली, नव्या ठिकाणी काय चालते ते मी अजून विचारलेले नाही. बाटली, पाकीट आणि ती पावती माझ्याकडे प्लास्टिकच्या डब्यात बंद आहे. कोणा अधिकाऱ्याला हवी असल्यास स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता
मानेवाडा, नागपूर