आधी छेद तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की वृत्तपत्रांत गणिताचे सराव प्रश्न उत्तरांसह येऊ लागतात. संभाव्यतेच्या प्रश्नाखाली मात्र बहुधा नुसता अपूर्णांक असतो : ‘उत्तर १/६’. नमुना अवकाश, म्हणजे शक्य असलेल्या सर्व निष्पत्तींची (निकालांची) यादी, जागेअभावी गाळलेला असतो. खरे तर तोच छापायला हवा, कारण या प्रकरणात भागाकार सहसा कुणाचा चुकत नाही. निष्पत्ती मोजण्यात गडबड होते.

दोन फाशांचेच घ्या. फासे दिसायला सारखे, म्हणून अनेक विद्यार्थी (३,५) आणि (५,३) एकच धरतात व २१ जोड्यांची यादी करतात. एकही जोडी सुटलेली नसते, तरी ही यादी छेदात चालत नाही, कारण त्या २१ निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, नाहीत. एक फासा लाल, दुसरा पांढरा समजा. लालवर ३ व पांढऱ्यावर ५, किंवा लालवर ५ व पांढऱ्यावर ३, असे ते अंक दोन प्रकारे पडतात. ४-४ मात्र एकाच प्रकारे. रंग पुसला म्हणून फासे वेगळे पडायला लागत नाहीत. छेदात २१ ठेवले तर दोन्हींवर सारखाच अंक येण्याची संभाव्यता ६/२१, म्हणजे २/७ निघते. पडताळा सोपा आहे : पहिल्यावर काहीही येवो, दुसऱ्यावर नेमका तोच अंक येण्याची संभाव्यता १/६. क्रमित जोड्या, म्हणजे (३,५) व (५,३) वेगळ्या मोजून, ३६ धरल्या की ६/३६ हेच येते.

मग क्रम नेहमीच मोजायचा का? इथे हुशार मुलेही अडखळतात. पिशवीत ३ लाल व २ पांढरे चेंडू आहेत आणि एकापाठोपाठ दोन काढायचे आहेत, पहिला परत न टाकता. चेंडूंना मनातल्या मनात क्रमांक द्यावेत. क्रम धरला तर निष्पत्ती ५ × ४ = २०, आणि दोन्ही लाल असण्याच्या ३ × २ = ६. क्रम सोडला तर जोड्या १०, दोन्ही लाल ३. उत्तर दोन्हीकडे ३/१०. फाशांवर न चाललेली युक्ती इथे चालते, कारण इथल्या प्रत्येक जोडीचे बरोबर दोनच क्रम होतात. ४-४ सारखी एकच क्रम असलेली जोडी इथे नसते. पहिला चेंडू परत टाकला तर तीही येते, आणि मग २५ क्रमित जोड्याच धराव्या लागतात, उत्तर ९/२५. सर्वांत जास्त गुण जातात ते अंश एका पद्धतीने आणि छेद दुसऱ्या पद्धतीने मोजल्यामुळे : ३/२० किंवा ६/१०. दोन्ही उत्तरे दिसायला अगदी साळसूद, म्हणून तपासतानाही नजरेतून सुटतात.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशातील नोंदीत नाण्याच्या दोन फेकींत किमान एकदा छाप पडण्याची संभाव्यता २/३ मांडली. पहिल्याच फेकीत छाप पडली की खेळ संपतो, म्हणून निष्पत्ती तीनच (छाप; काटा-छाप; काटा-काटा), असा त्यांचा युक्तिवाद. पण पहिल्या फेकीतली छाप एकटीच १/२ वाटा घेते. बाकीच्या दोघींना १/४, १/४. उत्तर ३/४. त्याआधी गॅलिलिओने तीन फाशांचा हिशेब नीट मांडला होता : बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्ही सहा-सहा त्रिकुटांनी होतात, पण क्रम मोजले की ९ साठी २५ आणि १० साठी २७ निष्पत्ती निघतात, एकूण २१६ पैकी. फरक ३-३-३ सारख्या एकाच क्रमाच्या त्रिकुटामुळे पडतो.

‘किमान’ हा शब्द दिसला की उलट बाजूने मोजणे बरे. दोन फाशांवर किमान एक ६ : पहिल्यावर ६ असलेल्या सहा, दुसऱ्यावर ६ असलेल्या सहा, म्हणून १२ असे लिहिले जाते, त्यात (६,६) दोनदा येते. एकही ६ नसलेल्या निष्पत्ती ५ × ५ = २५, उरल्या ११, उत्तर ११/३६.

किरकोळ वाटणाऱ्या दोन जागाही छेद बिघडवतात. २० ते ५० क्रमांकांची कार्डे ३० नसून ३१ असतात. आणि ०, १, ४, ७ या अंकांपासून पुनरावृत्ती न करता दोन अंकी संख्या ४ × ३ = १२ होत नाहीत; दशकस्थानी ० बसत नाही, म्हणून ३ × ३ = ९. त्यांपैकी सम संख्या १०, १४, ४०, ७० व ७४, संभाव्यता ५/९.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा उत्तरांखाली ३६ खान्यांचा तक्ता देणे शक्य नसेल तर निदान ‘क्रमित जोड्या, एकूण ३६’ एवढी अर्धी ओळ तरी द्यावी. पिशवीच्या प्रश्नात चेंडू परत टाकला की नाही, हे प्रश्नातच लिहावे. ते न लिहिता दिलेल्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नसते.

आपले,
गणिताचे दोन शिक्षक