गण्याची तारीख चुकली

मंजे,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. माझी साखर आटोक्यात, आईंचा गुडघा आहे तसाच.

जामिनावर सुटलेला आपला गण्या, कोर्टाची तारीख चुकली म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालंय, अजामीनपात्र. मामा त्याचे जामीनदार, त्यांनाही कोर्टाची नोटीस गेलीय. ऑफिसात सांगावं तर म्हणतात, "पण त्याला काम लागलं होतं ना!" लागलं होतं गं. येरवड्यातून सुटल्यावर आठवड्याच्या आत चाकणला ठेकेदाराकडे चिकटवला, अहवालात फोटो छापला. तू टाळ्याच वाजवल्या असत्यास. "आधी काम, मग कागद" हे तुझंच पालुपद. त्यावरून शिवाजीनगर कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये किती भांडलो आपण, आणि चहाचे पैसे दरवेळी मीच दिले.

आता बघ काय झालं. अटकेत मोबाईल मुद्देमालात जमा. रिचार्ज नाही म्हणून सिम बंद, आणि तो आत असतानाच नंबर दुसऱ्या कुणाला गेला. आधारला आणि बँकेला तोच जोडलेला, म्हणजे ओटीपी परक्याच्या खिशात. न्यायाधीश रजेवर म्हणून कोर्टाने ठरलेल्या तारखेच्या आधीची तारीख दिली. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या त्याच्या मोफत वकीलबाईंनी कळवायला फोन केला, तो उचलला कुठल्याशा भाजीवाल्याने. तो बिचारा म्हणे, "मी काही केलं नाही हो!" त्या दिवशी गण्या पहिल्या पाळीत मशीनवर उभा.

म्हणून म्हणते, सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी अंगठा देऊन नवं सिम घ्यायचं, मग आधार केंद्रावर. तिथे नंबर बदलायला कागद लागत नाही, पण मुलगा स्वतः समोर हवा. नवा नंबर वकिलाला, चौकीत आणि जामीनदाराला लिहून द्यायचा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तो क्रमांक पोराच्या आईकडेही हवा. पाळी आणि तारीख एका दिवशी आली तर हजेरी माफीचा अर्ज कोर्टात नावाचा पुकारा व्हायच्या आत पडला पाहिजे. पुकारा झाला, कोणी उभं राहिलं नाही, की वॉरंट. जामिनाच्या अटीतली चौकीतली सोमवारची हजेरीही पाळी बदलली की अशीच बुडते, आणि पोलीस जामीन रद्द करायला अर्ज टाकतात. दोन दिवसांचं काम आहे हे सगळं. नंतर खुशाल लाव कामाला.

वकिलासोबत स्वतःहून हजर झाला तर कोर्ट बहुधा थोडा दंड लावून वॉरंट रद्द करतं. पोलिसांनी उचलून आणला तर ते सोपं राहत नाही. पण हा घाबरून जुन्या पोरांत जाऊन बसलाय. तिथे जेवण आहे, गाडी आहे, "भाई" म्हणणारे आहेत. आपल्याकडे काय, तर अर्जाचा नमुना!

आणि कोर्ट नव्याने जामीनदार मागेल. मामा म्हणतात, माझं नाव काढा. तू लातूरला, मामांचं औसा तुझ्या हाकेवर, आणि ते तुझंच ऐकतात, म्हणून लिहितेय. त्यांना एवढं सांग: नोटीस म्हणजे जमीन गेली नाही, फक्त कारण विचारलंय. जबाबदारी पंधरा हजारांपुरती, सातबारा नुसता ऐपतीसाठी. मुलगा हजर झाला तर त्यातलीही काही रक्कम कोर्ट माफ करू शकतं. नाव काढून घेतलंच तर कोर्ट वॉरंट काढून गण्याला समोर आणवतं आणि दुसरा जामीनदार मागतं. तो मिळेपर्यंत पोरगं आत. आणि "पुण्याचा जामीनदार कुठून आणू" असं म्हणाले, तर 1978चा मोतीराम खटल्याचा निकाल सांग. जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच म्हटलंय.

आपल्या दुसऱ्या पोराचं, बाळ्याचं तेवढं बरं आहे. तो सतराचा होता, केस बाल न्याय मंडळापुढेच मिटली, वरच्या कोर्टात प्रौढ म्हणून गेली नाही. 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 24ने त्याला पुढे कुठेही अपात्रता नाही. तरी आयटीआयच्या अर्जावर पोरगं घाबरून केसबद्दल तीन ओळी खरडून आलं होतं. नवा फॉर्म भरून घेतला.

चिनूची दहावी ना यंदा? गणिताला क्लास लाव, तू शिकवू नकोस. नवं घर कसंय, पाणी येतं का?

मामांना गुरुवारच्या आत गाठ. शुक्रवारी वकीलबाई कोर्टात आहेत, नंतर सुट्ट्या लागतात. गण्याला आणायचं माझ्याकडे लागलं, त्याची आई सोबत येतेय.

तुझी,
वैजू

ता. क. मामांना दुपारी फोन करू नकोस, झोपमोड झाली की जावयालासुद्धा नाही म्हणतात.