बाबा, रेघ हलते ती तुमच्या हातामुळे नाही

प्रिय आई-बाबा,

आधी तेच सांगते, कॉन्ट्रॅक्टवर सही केली, अजून दोन वर्षं तैवानातच. रागावू नका ना. चवथीला मी नसणार हे लिहितानाही जीव तुटतोय, पण ज्या टचस्क्रीनच्या कामासाठी आले ते आत्ता कुठे हाताला लागतंय आणि बाबा, ते तुमच्याच कामाचं आहे.

हात थरथरतो म्हणून नाटकाच्या नकला उतरवणं सोडतो म्हणताय ना, तर आईनं पाठवलेला तुमच्या टॅबवरच्या अक्षराचा फोटो मोठा करून बघितला. उभे दांडे सरळ आलेत, तिरक्या रेघेत तेवढी ठराविक अंतरावर लाट. हात थरथरत असता तर उभी रेघही हलली असती. टॅबच्या काचेखाली स्पर्श ओळखणाऱ्या पारदर्शक पट्ट्यांची जाळी असते, साधारण 4-5 मिमी अंतरानं. बोट रुंद, दोन-तीन पट्ट्यांना एकदम कळतं. पेनाचं टोक 1-2 मिमी, ते एका पट्टीच्या मधोमध आलं की शेजारच्या पट्टीपर्यंत सिग्नल जेमतेम पोचतो, मग स्क्रीन टोक आहे त्यापेक्षा मध्याकडे धरतो, आणि हळू लिहिणाऱ्याला ते जास्त दिसतं. आम्ही पट्ट्यांच्या कडांना दात काढून ते एकमेकींत घुसवतोय, दोन्ही हातांची बोटं गुंफल्यासारखे, म्हणजे टोक कुठेही असलं तरी शेजारणीला कळेल. दात फार बारीक केले तर रेझिस्टन्स वाढून सिग्नल मंदावतो, सगळी मारामारी तिथेच आहे.

म्हणून जत्रेच्या नाटकाच्या नकला लिहून काढणं बंद करू नका. लहानपणी तुम्ही रात्री नकला काढायचात आणि मी तुमच्या मांडीवर झोपायचे, अजून कधी झोप नाही लागली की तेच आठवते. तोवर टॅबवर अक्षर जरा मोठं काढा, हात भरभर चालवा.

तरी एकदा कागदावर तीच तिरकी रेघ ओढून बघा. तिथेही हलली तर लगेच फोंड्याला डॉक्टरकडे जायचं, आत्याच्या वेळेसारखं लांबवायचं नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही. गणपतीवर फळांची माटोळी बांधायला दादाला बोलवा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही म्हणजे नाही. आई, अंगणात शेवाळ धरलं असेल, गुडघा सांभाळ, कपडे आत वाळत घाल.

माझ्या जेवणाची काळजी नको, इथेही दोन्ही वेळ भातच असतो, उकडा मिळत नाही एवढंच. सोलं अजून पुरतील. रविवारी फोन करते, बाबांनी कागदावरची रेघ आणि टॅबवरची, दोन्हींचे फोटो त्याआधी पाठवायचे.

तुमची,
मनू