गल्ला त्याच्या हातात दिलास

ताई,
अनेक आशीर्वाद. तू दहावीतली पोर, पण माझा मुलगा तुला ताईच म्हणतो, म्हणून मीही तसंच लिहिते.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून आमच्या मुलाला वर्गात बसायला मिळालं. पण आनंदमेळ्याच्या यादीत कोणाला घ्यायचं, ते काही कायद्यात लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी ठरलं, जो घरून भांडवल आणेल त्यालाच स्टॉल. मी बाईंना भेटले, तर म्हणाल्या, "अहो, गरजूंसाठीच तर जमवतोय, त्याला कशाला त्रास?" मग त्याच पैशांतल्या वह्या घ्यायला त्याला स्टेजवर बोलावलं, फोटो काढला. त्या वह्यांना त्याने कव्हरसुद्धा घातलं नाही. आमच्या पोरांनी नेहमी घ्यायचंच का? त्यांना द्यावंसं वाटत नाही?

यंदा यादी तुझ्या हाती होती आणि मेळा सैनिकांसाठीच्या ध्वजदिन निधीसाठी होता. माझं माहेर साताऱ्याकडचं, आपशिंगे मिलिटरीच्या जवळचं. तिकडे घरटी फौजी. 7 डिसेंबरला, ध्वजदिनी, डब्यात नाणं टाकणाऱ्याची ऐपत कोणी काढत नसे.

त्याच्या बाबांची भेळेची गाडी आहे हे कळल्यावर बाकीची मुलं हसायच्या आत तू म्हणालीस, "मग कांदा किती लागेल, तूच सांग." त्या रात्री त्याने बाबांना बसवून चुरमुऱ्यापासून चिंचेपर्यंत सगळा हिशोब काढला.

पण मला खरं भिडलं ते वेगळंच. मी गर्दीत मागे उभी होते. तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्याच्यापुढे ठेवलास. "गल्ला तुझ्याकडे," एवढंच बोललीस. संध्याकाळी त्याने नोटा लावून आकडा लिहिला आणि तू त्याखाली सही केलीस. पुन्हा मोजले नाहीस. मी चार घरची कामं करते गं. कुठे शंभराची नोट सापडली नाही की आधी आमच्याकडे बघतात. तुझ्या मनात ते आलंही नाही. मोठमोठ्या माणसांना जमत नाही अशी माणुसकी तुझ्या वयात तुझ्याकडे आहे. तुझ्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांग.

मार्चमध्ये तुझी दहावी होईल, तू शाळेतून जाशील. पुढची यादी ज्यांच्या हाती येईल त्यांना एक सांगून जा. पाचवीत आमच्या वस्तीतल्या दोन मुली आहेत. दोघींना मेळ्यात यायचंय, पण नाव द्यायला घाबरतात. त्यांना आपणहून विचारा म्हणावं.

तुझ्या भावाची आई